बोर्ड गेलाय, नवीनच घ्या!

श्रावणातली गोष्ट. बाहेर तीन दिवस पावसाची झड लागलेली, घरातल्या दोऱ्यांवर अर्धवट वाळलेले कपडे आणि नेमके त्याच वेळी आमचे वॉशिंग मशीन बंद पडले. बटण दाबले की एक दिवा लुकलुकायचा, आतून बारीकसा 'टिक' असा आवाज यायचा आणि पुन्हा सारे शांत. मशीन सात वर्षांपूर्वी साडेअठरा हजारांना घेतलेले. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. दोन दिवसांनी पाठीवर सॅक अडकवलेला एक तरुण मुलगा आला. वागायला अदबशीर. त्याने झाकण उघडले, पाच मिनिटे मीटर लावून पाहिला आणि निदान केले, "काका, बोर्ड गेलाय."

"बसवायला किती?"

"बोर्ड सात हजार चारशे. वर मजुरी आणि जीएसटी. नऊ-साडेनऊ हजार धरा." मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "खरं सांगू का? नवीनच घ्या. एक्स्चेंजमध्ये याचे हजारभर तरी सुटतील."

तपासणीचे पाचशे रुपये घेऊन तो गेला आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. चिरंजिवांनी मोबाईलवर तीन नवी मशीन काढून दाखवली, हप्त्यांसकट. आमच्या सौ.चे म्हणणे एवढेच की, काय करायचे ते करा, पण उद्यापर्यंत करा, कारण बादलीभर चादरी तिला धुवाव्या लागणार होत्या, मला नव्हे. म्हणणे खोटे नव्हते. दुरुस्तीच्या बाजूने मी एकटाच होतो आणि माझ्याकडे युक्तिवादही फारसा नव्हता. धडधाकट दिसणारे यंत्र भंगारात द्यायला हात धजेना, इतकेच.

शेवटी तो बोर्ड एका पिशवीत घालून मी गल्लीच्या टोकाला असलेल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. दुकान कसले, जिन्याखालची सहा फुटी खोली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोर्ड उजेडात धरला आणि हसले. एका कोपऱ्यात झुरळ मरून पडले होते आणि त्याच्या शेजारचा रिले काळा पडला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन सुरू झाले. घरी येऊन बसवण्यासकट त्यांनी अकराशे रुपये घेतले. त्यातला रिले साठ रुपयांचा. बाकीचे पैसे, त्यांच्याच शब्दांत, "कुठं बघायचं ते कळतं, त्याचे."

निघताना मी म्हटले, "काका, पुढच्या वेळी थेट तुमच्याकडेच." ते म्हणाले, "पुढच्या वेळी मी नसेन. दिवाळीनंतर दुकान बंद करतोय. मुलगा कुरिअर कंपनीत लागला. त्याला यात रस नाही आणि मीही त्याला आग्रह करत नाही."

साडेनऊ हजार आणि अकराशे. एकाच बिघाडाच्या या दोन किमतींमध्ये एवढे अंतर का, आणि स्वस्त किंमत सांगणारा माणूसच दुकान का बंद करतो, हे दोन प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहेत.

कुकरची रिंग आणि मिक्सरचा कपलर

जुन्या काळाबद्दल बोलताना आपण थोडे हळवे होतो. कल्हईवाला, सुरी-कात्रीला धार लावणारा, छत्रीच्या काड्या बसवणारा, स्टोव्हचा वायसर बदलणारा अशी सारी मंडळी डोळ्यांसमोर येतात आणि वाटते, तेव्हाची माणसे वस्तू जपत असत. पण खरे सांगायचे तर त्यात संस्कारापेक्षा गरज मोठी होती. फ्रीज घ्यायचा म्हणजे कित्येक महिन्यांच्या पगाराचा प्रश्न असे. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. वस्तू महाग आणि माणसाची मजुरी स्वस्त, असे ते गणित होते. १९९१ नंतर बाजार खुला झाला, कारखान्यांतून वस्तू धडाधड बाहेर पडू लागल्या, हप्त्यांची सोय झाली आणि हे गणित हळूहळू उलटे झाले. पगाराच्या मानाने यंत्र स्वस्त झाले. महाग झाला तो त्यातला सुटा भाग.

मात्र घरातल्या साऱ्याच वस्तूंचे असे झालेले नाही. प्रेशर कुकर पाहा. त्याची रबरी रिंग सैल झाली, शिट्टी हरवली, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला किंवा हँडल मोडले, तर आपण कुठल्याही सेवा केंद्राला फोन करत नाही. कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात जातो, मापाची रिंग घेतो आणि दुपारचा वरणभात त्याच कुकरमध्ये लावतो. आईचा कुकर लेकीला, लेकीचा नातीला, असे घडते ते सुट्या भागांच्या या सहज उपलब्धतेमुळे.

मिक्सरची कथा तर याहून बोलकी आहे. आपल्या स्वयंपाकघरात घरोघरी पोचलेल्या 'सुमीत' मिक्सरचा जन्मच एका बिघाडातून झाला. सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंते. त्यांच्या घरातला परदेशी बनावटीचा मिक्सर बिघडला आणि आपल्याकडे तो दुरुस्त होईना. मुळात तो मऊ पदार्थ घुसळण्यासाठी केलेला. सुके खोबरे, भिजवलेली डाळ आणि ओल्या वाटणाची त्याला सवय नव्हती. तेव्हा १९६३ च्या सुमारास माथुर यांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल असा मिक्सरच तयार केला.

मिक्सरच्या भांड्याखाली प्लास्टिकचा वा रबराचा एक दातेरी तुकडा असतो, त्याला कपलर म्हणतात. पाते अडकले की हा कपलर झिजतो किंवा तुटतो. अनेकांना तो हलका माल वाटतो. प्रत्यक्षात तो तुटतो म्हणून मोटर जळायची वाचते. मोटर महाग आणि कपलर चहा-नाश्त्याच्या पैशांत येणारा. जे आधी मोडायचे ते सर्वांत स्वस्त असावे आणि चटकन बदलता यावे, ही त्या रचनेतली शहाणी योजना. आमच्या मशीनमध्ये नेमके उलट झाले होते. ओल, झुरळे, उंदीर आणि विजेचा चढउतार हे आपल्या घरांतले नेहमीचे पाहुणे. त्यांचा पहिला घाव बसतो तो बोर्डावर आणि तोच यंत्रातला सर्वांत महागड्या भागांपैकी एक.

सुटा भाग महाग का?

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कारखान्यात हजारो यंत्रे एका दमात तयार होतात, तेव्हा प्रत्येक भागाचा खर्च कमी पडतो. तोच भाग सुटा विकायचा म्हणजे तो वेगळा बांधायचा, गोदामात वर्षानुवर्षे ठेवायचा, कुठल्या गावात कुठल्या मॉडेलला किती लागतील याचा अंदाज करायचा आणि मग एकेक नग कुरिअरने धाडायचा. दरवर्षी नवे मॉडेल काढायचे म्हटल्यावर जुन्या मॉडेलांच्या भागांची यादी लांबतच जाते. एखाद्या यंत्राचे सगळे भाग सुटे विकत घेऊन जोडायचे ठरवले, तर नव्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतील. यात काही लबाडी आहेच असे नाही.

परंतु सात हजार चारशेचा सारा हिशेब गोदामाच्या भाड्यात बसत नाही. पहिले कारण असे की, हल्ली भाग न विकता भागांचा जुडगा विकला जातो. साठ रुपयांचा रिले जळाला तरी सेवा केंद्राकडे रिले नसतो, आख्खा बोर्ड असतो. तिथल्या मुलाला बोर्ड काढायला आणि बसवायला शिकवलेले असते, बोर्डावरचा दोष शोधायला नाही. पुढून कपडे घालण्याच्या काही मशीनमध्ये बाहेरचा टब कारखान्यातच कायमचा जोडून टाकतात. आतले बेअरिंग खराब झाले तर ते एकटे बदलता येत नाही, सगळा टब घ्यावा लागतो. बेअरिंग बाजारात काही शेकड्यांत मिळते, टबाला काही हजार पडतात.

दुसरे कारण मक्तेदारीचे. यंत्र घेताना आपल्यापुढे दहा कंपन्या हात जोडून उभ्या असतात. एकदा ते घरात आले की त्याच्या बोर्डासाठी एकच दार उरते आणि त्या दारावर घासाघीस चालत नाही. अनेकदा तो भाग बाहेरच्या कारागिराला विकतच दिला जात नाही. यंत्राचा विद्युत नकाशाही त्याला मिळत नाही. आमच्या काकांनी बोर्ड दुरुस्त केला तो अनुभवावर. नकाशा हाती असता तर तेच काम एखाद्या नवशिक्यालाही जमले असते.

तिसरे कारण करांचे. वॉशिंग मशीन, फ्रीज, मिक्सर यांच्यावरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. एअर कंडिशनर आणि मोठ्या टीव्हीवरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून तेवढाच झाला. ग्राहकाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. पण सेवा केंद्रातल्या दुरुस्तीवरही १८ टक्केच पडतात. म्हणजे वस्तू टिकवणारा आणि वस्तू टाकणारा असा भेद कराच्या लेखी नाही.

आणि वस्तू लवकर बाद व्हावी, ही कल्पना काही आजची नाही. १९२४ साली जगातल्या प्रमुख बल्ब उत्पादकांनी जिनिव्हात संगनमत केले आणि बल्बचे आयुष्य हजार तासांपुरते आखून घेतले. त्याहून जास्त टिकणारा बल्ब करणाऱ्या सदस्याला दंड होई. आजच्या यंत्रांच्या बाबतीत असा कट आहे असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण दुरुस्ती अवघड करून ठेवली की कट करण्याची गरजही उरत नाही.

कायदा कुठवर आला?

आपल्याकडे ग्राहक चळवळ जुनी आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ चा नवा कायदा त्याच्या जागी आला आहे. पण या साऱ्याचा भर विकत घेताना होणाऱ्या फसवणुकीवर आणि सदोष मालावर राहिला. सात वर्षे नीट चाललेले यंत्र आठव्या वर्षी दुरुस्त करून मिळण्याचा हक्क, हा विषय उशिरा पुढे आला.

सुट्या भागांचा मोठा खटला गाजला तो मोटारींच्या क्षेत्रात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाही, हा मुख्य ठपका. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण ज्याने वस्तू विकली त्यानेच तिच्या भागांवर कुलूप लावून बसावे का, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. मोटारीच्या बाबतीत विचारलेला प्रश्न मिक्सर-मशीनच्या बाबतीत विचारायला काय हरकत आहे?

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, सेवा केंद्रे, वॉरंटी आणि सुटे भाग यांची माहिती एकत्र देणारे सरकारी पोर्टल सुरू झाले. पुढे, वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे हे खरेदीच्या वेळीच दाखवणारा 'दुरुस्ती निर्देशांक' कसा असावा, हे ठरवायला आणखी एक समिती नेमली गेली. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. त्यात सुरुवात सुचवली आहे ती स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून. विजेची बचत दाखवणारे तारे जसे फ्रीजच्या दारावर असतात, तसे दुरुस्तीचे तारेही असावेत, अशी ही कल्पना. फ्रान्समध्ये असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर छापणे सक्तीचे आहे.

युरोपीय संघाने त्याच वर्षी १ मार्चपासून आणखी एक पाऊल टाकले. वॉशिंग मशीनचे मॉडेल बाजारातून गेल्यानंतरही त्याचे महत्त्वाचे भाग दहा वर्षे आणि फ्रीजचे सात वर्षे उपलब्ध ठेवायचे, मागणी आली की पंधरा कामकाजी दिवसांत पोचवायचे, असा नियम झाला. पण भाग मिळणे आणि परवडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथेही लक्षात आले. म्हणून २०२४ च्या नव्या निर्देशात सुट्या भागांची किंमत वाजवी असावी, असेही म्हटले गेले आणि सदस्य देशांना अंमलबजावणीसाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख घालून देण्यात आली. आपल्या निर्देशांकात किंमत आणि उपलब्धता या दोन्ही गोष्टी आल्या नाहीत, तर दारावर आणखी एक रंगीत चिठ्ठी लागेल, एवढेच होईल.

माझाही हट्ट चुकला

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी सरसकट दुरुस्तीचा पुरस्कर्ता आहे. तसा होतो. एका फ्रीजने मला शहाणे केले.

आमचा जुना फ्रीज एकोणीस वर्षांचा झाला होता. आधी थर्मोस्टॅट गेला, तो बदलला. सहा महिन्यांनी थंडावा कमी झाला, म्हणून गॅस भरून घेतला. गळती कुठे आहे हे न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे, हे मला नंतर कळले. उन्हाळ्यात पुन्हा तेच आणि शेवटी कॉम्प्रेसर. दीड वर्षात नऊ हजार आठशे रुपये घालून अखेर नवा फ्रीज घ्यावाच लागला. तो आला आणि विजेचे बिल महिन्याला तीसएक युनिटांनी उतरले. 'मी म्हणत होते,' एवढेच शब्द सौ. बोलली. त्यांना उत्तर नव्हते.

तेव्हा विजेचा हिशेब मांडलाच पाहिजे. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर फरक १६२ युनिटांचा. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला तेराशे रुपयांच्या आसपास बचत. तीन हजारांचा पंखा अडीच वर्षांच्या आत आपली किंमत वसूल करून देतो. पण जुना पंखा मंदावला की बहुधा शंभराच्या आतला कपॅसिटर बदलून काम भागते. नव्या पंख्यात मात्र पुन्हा बोर्ड आहे! वाचलेली वीज त्या बोर्डात जाऊ द्यायची नसेल, तर बोर्डाची किंमत आणि वॉरंटी घेतानाच विचारलेली बरी.

आणि टाकलेल्या वस्तूचे पुढे काय होते? २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला जेमतेम पावभाग रीतसर पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत आणि उत्पादकांवर जबाबदारीही आहे. तरी एक्स्चेंजमध्ये गेलेले आपले मशीन नेमके कुठे जाते, हे आपण विचारत नाही. टेम्पो कोपऱ्यावर वळला की आपला संबंध संपला.

घरात हिशेब कसा करावा?

माझ्यापुरता मी आता एक ठोकताळा ठेवला आहे. यंत्राचे निम्मे आयुष्य उलटले असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त येत असेल, तर नवे घ्यावे. यातली एकच गोष्ट खरी असेल तर दुसरे मत घ्यावे. दुखण्यासाठी आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, मग मशीनसाठी दुसऱ्या कारागिराकडे जायला संकोच कशाला?

खरेदीच्या वेळी रंग, लिटर आणि तारे यांच्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. वॉरंटी नेमकी कशावर आहे? 'दहा वर्षे' असे ठळक अक्षरांत छापलेले असते, पण ती अनेकदा मोटर वा कॉम्प्रेसर या एकाच भागाची असते. गॅस, मजुरी, बोर्ड त्यात नसतात. बोर्डाची आजची किंमत काय? आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील? दुकानदाराला उत्तरे येणार नाहीत. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवील.

दुरुस्तीच्या वेळी खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा, बिल मागावे आणि काढलेला जुना भाग परत घ्यावा. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि बोर्ड असलेल्या यंत्राखाली उंदीर-झुरळांना थारा देऊ नये, काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करावे. आमच्या घरी हे काम आता माझ्याकडे आले आहे, निकालाचा भाग म्हणून.

राहिला प्रश्न काकांच्या दुकानाचा. आयटीआयमधून वायरमन, फ्रीज-एसी मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे मेकॅनिक बाहेर पडतात. हात आहेत, कामही आहे. पण भाग विकत मिळणार नसेल, नकाशा दाखवला जाणार नसेल आणि गिऱ्हाईक पहिल्या फोनवरच नवे घ्यायला निघणार असेल, तर जिन्याखालच्या त्या खोलीत कुणी कशासाठी बसावे? काकांनी मुलाला आग्रह केला नाही, यात मला त्यांचा दोष दिसत नाही.

दिवाळीला पंधरा दिवस असताना चकलीची भाजणी करताना आमच्या मिक्सरचा कपलर तुटला. मी तो घेऊन गेलो. काकांनी खण उघडला, दोन-तीन कपलर काढून दात्यांशी दाते लावून पाहिले आणि एक हातावर ठेवला. मी म्हटले, "दोन द्या." ते म्हणाले, "चार घेऊन ठेवा."